जपानहून आलेला माचा आणि सकाळचा चहा

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४७. मुलगा आणि सून नोकरीसाठी नागोयाला असतात. दिवाळीत घरी येताना सुनेने माचाचे, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचे, दोन डबे आणले आणि आग्रहाने सांगितलं, "आई, दूध-साखरेचा चहा सोडा, रोज हा घ्या. वजन उतरेल, थकवा जाईल." तिने पाठवलेल्या एका लेखात माचा साध्या ग्रीन टीच्या १३७ पट गुणकारी असल्याचंही लिहिलं होतं. तेव्हापासून ताई पहाटे थायरॉइडची गोळी घेतात आणि पाठोपाठ रिकाम्या पोटी, उकळत्या पाण्यात शिगोशीग चमचाभर माचा ढवळून पितात. गुठळ्या होतात, गवताचा वास येतो, कडू लागतो, मळमळतं. नाश्त्यानंतर लोहाची गोळी. संध्याकाळी सहाला आणखी एक कप माचा. दीड महिन्यात वजन हललेलं नाही, झोप उडाली आहे आणि हिमोग्लोबिन ९.६ वर आहे. सून व्हिडिओ कॉलवर विचारते तेव्हा "हो, छान वाटतंय" असं सांगून वेळ मारून नेतात. "इतकी महागाची वस्तू टाकवत नाही. चहा सोडल्यापासून सकाळी यांच्यासोबत बसणंही सुटलं. मी कुठे चुकतेय?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना माचाच्या आधी माझी नजर दोन गोळ्यांवर अडली. म्हणून सुरुवात तिथूनच करते. बाकी काही वाचायला वेळ झाला नाही तरी चालेल, पण एवढं आजच बदला.

थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा, कॉफी, दूध, माचा, काहीही नाही. तसं केलं नाही तर गोळी पूर्ण अंगी लागत नाही. लोहाची गोळी आणि थायरॉइडची गोळी यांच्यात तर चार तासांचं अंतर हवं, कारण लोह त्या औषधाला आतड्यात धरून ठेवतं. तुमच्या दिनक्रमात पहाटेची गोळी, माचा, नाश्ता आणि लोहाची गोळी हे सगळं दोन-अडीच तासांत उरकतं. म्हणजे दोन्ही औषधं तुम्ही नेमाने घेता आणि दोन्हींचा गुण कमी येतो. थकवा जात नाही याचं एक कारण इथेच असू शकतं.

दुसरं, चहाच्या पानातले टॅनिनसारखे घटक अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात. त्यातही भाजी, डाळ, नाचणी यांतल्या लोहाला जास्त. आपण शाकाहारी जेवणातून जे लोह मिळवतो ते सगळं याच प्रकारचं. माचात तर पान गाळून टाकलं जात नाही, ते आपण पूर्ण पोटात घेतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२४ साली आहाराच्या ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळा असं स्पष्ट सांगितलं आहे. दुधाच्या चहाला हे जेवढं लागू तेवढंच माचालाही.

आणि ९.६ हा आकडा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की तो अ‍ॅनिमिया, आणि ८ ते ११ च्या दरम्यान असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तो मध्यम स्वरूपाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया असल्याचं दिसलं. इतकं सर्रास आढळतं म्हणून आपण ते अंगवळणी पाडून घेतो. "बायकांचं असंच असतं" म्हणतो आणि पोळ्या लाटायला उभ्या राहतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी अनेकींची पाळी लांबते, अंगावरून जास्त जातं, आणि गोळ्या चालू असूनही रक्त भरत नाही. तुम्ही पत्रात पाळीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. तसं होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा. तुमचा थकवा खरा आहे, आणि त्याचं उत्तर कोणत्याही देशाच्या कोणत्याही चहात नाही.

आता माचाकडे वळू. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : तो औषध आहे, म्हणून कडू लागला, मळमळलं तरी घ्यायचाच. ज्या देशातून तो आला तिथे त्याच्याकडे असं बघत नाहीत. होय, सुरुवात औषध म्हणून झाली खरी. चीनमध्ये सोंग राजवटीत चहाची पूड गरम पाण्यात फेसून पीत. एइसाई नावाचा जपानी झेन भिक्षू तिथे शिकून ११९१ मध्ये परतला, त्याने चहाचं बी सोबत आणलं आणि पुढे चहाच्या आरोग्यगुणांवर लिहिलं. नंतर चीनमध्ये पूड मागे पडली आणि पानं भिजवून पिण्याची रीत रुळली. जपानने मात्र पूड जपली. क्योतोजवळचं उजी हे तिचं सर्वांत नावाजलेलं गाव झालं. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी चहापानाच्या विधीला जे साधं, शांत रूप दिलं, त्यात पाहुण्याचं मन राखणं हे मुख्य. तिथे माचाच्या आधी एक छोटी गोड मिठाई खायला देतात, म्हणजे तोंड गोड असतं, पोट अगदी रिकामं नसतं आणि कडवटपणा सुखद वाटतो. तुम्ही पहाटे उपाशीपोटी नाक दाबून जे पिता, ते त्या परंपरेत कुठेच बसत नाही.

शिवाय सामान्य जपानी घरात रोजचा चहा म्हणजे माचा नव्हे. रोज असतो तो सेंचा, म्हणजे पानं भिजवून गाळलेला हिरवा चहा, किंवा भाजलेल्या पानांचा होजिचा. जपानी लोक माचामुळे दीर्घायुषी आहेत असं कुणी सांगितलं तर हे लक्षात ठेवा. मियागी प्रांतातल्या सुमारे ४० हजार लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेला एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला बरेच कप हिरवा चहा पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले, कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. पण तो अभ्यास हिरव्या चहाचा होता, खास माचाचा नव्हता. आणि चहा पिणारी ती माणसं मासे, भाज्या, समुद्री शेवाळ खाणारी, भरपूर चालणारीही असू शकतात. श्रेय नेमकं कशाचं, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही.

त्या १३७ पटीचंही सांगते, कारण हा आकडा हल्ली सगळीकडे फिरतो. तो खोटा नाही, पण अर्धा सांगितला जातो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो इथे २००३ साली झालेल्या एका प्रयोगशाळेतल्या तपासणीतून तो आला. हिरव्या चहातल्या ईजीसीजी नावाच्या एका घटकाची तुलना माचा आणि बाजारातला एक विशिष्ट हिरवा चहा यांच्यात केली होती. त्या एका चहात तो घटक फारच कमी निघाला म्हणून पट १३७ झाली. त्याच तपासणीत, इतर हिरव्या चहांच्या नोंदलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी तुलना केली तर पट तीनच्या आसपास येते. आणि कपात एखादा घटक तिप्पट असला म्हणून शरीराला तिप्पट फायदा होतो, असंही नाही.

वजनाबद्दल आशा लावून बसू नका. हिरव्या चहावरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये निष्कर्ष काढला की वजनातली घट इतकी किरकोळ आहे की प्रत्यक्षात तिला अर्थ नाही. वाईट कोलेस्टेरॉल थोडंसं कमी होतं, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. माचात थिॲनिन नावाचा घटक असतो, तो कॅफिनसोबत घेतला तर लक्ष टिकायला थोडी मदत होते, असंही छोट्या चाचण्या सांगतात. चांगला माचा प्यायल्यावर जी शांत तरतरी वाटते ती बहुधा यातूनच. एवढं श्रेय त्याला जरूर द्यावं.

तुमच्या वजनाचा विचार करायचा तर तो चहाच्या साखरेपासून करू. चहा सोडण्याची गरज नाही. दोन चमच्यांचा एक चमचा करा, मग अर्धा. दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते. पण सकाळी यजमानांसोबत बसून घेतलेला कप सोडू नका, ताई. तुम्ही पत्रात हे एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला मात्र ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. मुलं परदेशी असलेल्या घरात सकाळची ती पंधरा-वीस मिनिटं दोघांची असतात. कुणाच्याही सांगण्यावरून ती बंद व्हायला नकोत.

आता माचा करायचा कसा. तुमचा माचा वाईट लागतो याचं कारण बहुतेक पाण्यात आणि मापात आहे. या चहाची झुडपं खुडणीच्या आधी साधारण तीन-चार आठवडे झाकून ठेवतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य आणि थिॲनिन वाढतं, तुरटपणा आणणारे घटक कमी राहतात. मग पानं वाफवतात, वाळवतात, शिरा आणि देठ काढून टाकतात आणि उरलेला नाजूक भाग दगडी जात्यावर दळतात. जातं फार सावकाश फिरवावं लागतं, कारण घर्षणाने पूड तापली तर वास जातो. तासाभरात एका जात्यावर जेमतेम ४० ग्रॅम पूड निघते. किंमत उगाच नाही. एवढ्या निगुतीने केलेल्या पुडीवर उकळतं पाणी ओतलं की कडवटपणा आणि तुरटपणा सगळा वर येतो आणि गोडसर चव दबून जाते.

पाणी ७० ते ८० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर लागत नाही. उकळलेलं पाणी एका कपात ओता, त्यातून दुसऱ्या कपात, आणि मिनिटभर थांबा. दर ओतण्याला ते अंदाजे दहा अंशांनी उतरतं. कप हाताला गरम लागावा, पण धरवेल इतकाच.

माप : सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम. तुम्ही सुरुवातीला अर्धाच घ्या. शिगोशीग चमच्यात तीन-चार ग्रॅम सहज जातात. एका ग्रॅममध्ये सुमारे २० ते ४० मिलिग्रॅम कॅफिन धरलं तर तुम्ही पहाटे उपाशीपोटी मोठ्या कपभर कॉफीइतकं कॅफिन घेत होता, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा तेवढंच. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. मळमळ आणि गेलेली झोप, दोन्हींचा उलगडा यातून होतो.

पूड बारीक जाळीच्या गाळणीतून रुंद वाटीत चाळून घ्या. आपण पिठलं करताना बेसन आधी थोड्या पाण्यात कालवून घेतो, तसंच इथे : दोन चमचे पाण्यात पूड गुळगुळीत कालवा, मग उरलेलं पाणी घाला. सगळं मिळून ६०-७० मिलिलिटर, म्हणजे आपला कटिंगचा ग्लास. नंतर मनगट सैल ठेवून झपझप पुढे-मागे फेटा, गोल ढवळू नका. वर बारीक फेस आला की झालं. जपानमध्ये यासाठी चासेन, म्हणजे बांबूची बारीक दात्यांची फेटणी, वापरतात. नारा प्रांतातल्या ताकायामा गावात एकाच बांबूच्या तुकड्याला चिरून-चिरून त्याचे बारीक दाते काढतात. सुनेने ते आणलं असेल तर वापरण्याआधी कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवा, दाते तुटत नाहीत. नसेल तर कॉफी फेसायचं बॅटरीवरचं छोटं यंत्र चालतं, किंवा घट्ट झाकणाच्या बाटलीत हलवून घ्या. बाटलीत पाणी फार गरम नको, झाकण उडतं. फेटून झाल्यावर लगेच प्या. ठेवला की पूड तळाशी बसते.

सोबत आधी एखादी छोटी बेसनाची वडी किंवा खजूर खा. दूध घालावंसं वाटलं तर घाला, त्यात काही पाप नाही. बाहेर मिळणाऱ्या माचाच्या दुधाळ पेयांत मात्र साखर बेसुमार असते, त्यांना आरोग्याचं पेय समजू नये.

डबा उघडल्यावर महिना-दोन महिन्यांत संपवायला हवा. उजेड, उष्णता आणि दमटपणा हे त्याचे शत्रू, म्हणजे कोकणातल्या वाचकांनी तर जास्तच जपायचं. न उघडलेला दुसरा डबा फ्रीजमध्ये ठेवा. उघडायच्या आधी बाहेर काढून ठेवा आणि तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा, नाहीतर आत दव धरतं. पुडीचा रंग पोपटी-हिरवा असायला हवा. पिवळट, शेवाळी झाली असेल तर ती पिण्यात मजा नाही, पण चक्क्यात साखर आणि चमचाभर ही पूड घोटून श्रीखंड सुरेख होतं. जपानी लोकही मिठाईत आणि आइस्क्रीममध्ये ती भरपूर वापरतात. म्हणजे महागाची वस्तू टाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

इथल्या बाजारातून घेणाऱ्यांसाठी थोडं. डब्यावर 'सेरेमोनियल ग्रेड' असं छापलेलं असतं, त्याला जपानमध्ये कोणताही अधिकृत दर्जा नाही. झाकून न वाढवलेल्या साध्या हिरव्या चहाची पूडही त्या नावाने विकली जाते. घटकांच्या यादीत साखर किंवा दूध पावडर दिसली तर ठेवून द्या. पान पूर्ण पोटात जातं, त्यामुळे माती-पाण्यातलं शिसं वगैरे पानात उतरलं असेल तर तेही आपल्याच पोटात जातं. म्हणून उगमाचा पत्ता आणि तपासणीचा उल्लेख असलेलाच माल घ्यावा. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांना तर माझा साफ विरोध आहे. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी अशा गोळ्यांतून घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणं रक्तात दिसू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे. गरोदर बायकांनी सगळं मिळून कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा माचा सुरू करू नये, पानात के जीवनसत्त्व असतं आणि ते या औषधाचा परिणाम कमी करू शकतं.

ताई, तुमचा दिवस मी असा लावून बघितला. पहाटे थायरॉइडची गोळी आणि पाणी. तासाभराने यजमानांसोबत तुमचा नेहमीचा चहा, कमी साखरेचा. नाश्ता त्यानंतर तासाने. माचा प्यावासा वाटला तर सकाळी अकराच्या सुमारास, अर्धा चमचा, रोजच हवा असं नाही. लोहाची गोळी दुपारी जेवणाच्या वेळी किंवा रात्री, लिंबूपाण्याबरोबर, दूध-दह्यासोबत नको. यातली कोणती वेळ ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुपारी चारला दुसरा चहा, आणि त्यानंतर चहा, कॉफी, माचा काही नाही. संध्याकाळी काही गरम हवंच असेल तर परसातला गवती चहा आणि आलं उकळून घ्या, त्यात कॅफिन नसतं.

हा सगळा खटाटोप करूनही माचा आवडला नाही तर सोडून द्या. न आवडणारं पेय प्यायला तुम्ही कुणाला बांधील नाही.

सुनेला मात्र खरं सांगा. ती तुमच्या थकव्याची काळजी करते आहे आणि तुम्ही तिला "छान वाटतंय" सांगून त्या काळजीला चुकीची दिशा देता आहात. तिला बिचारीला वाटतं, आईंना बरं आहे. पुढच्या कॉलवर एवढंच म्हणा : "अगं, मी तो चुकीच्या वेळी आणि उकळत्या पाण्यात करत होते, त्याने मला त्रास झाला. माझं हिमोग्लोबिन कमी आहे, त्याचं आधी बघतेय. माचा कसा करायचा ते तू मला एकदा समोर करून दाखव." ती नागोयाला राहते आणि त्याच आइची प्रांतातलं निशिओ हे माचासाठी प्रसिद्ध आहे. तिने डबे निवडताना नक्की विचार केला असणार. कॅमेरा वाटीकडे वळवून दोघींनी एकाच वेळी फेटा. तिलाही आपली भेट वाया गेली असं वाटणार नाही, आणि मुलाच्या कानावर तुमचं हिमोग्लोबिन जाईल, जे आत्तापर्यंत तुम्ही सांगितलेलं दिसत नाही.

एक शेवटची सूचना, आणि ही विसरू नका. गोळ्यांच्या वेळा बदलल्यावर थायरॉइडचं औषध जास्त अंगी लागायला लागेल, म्हणजे आहे तोच डोस जास्त होऊ शकतो. म्हणून वेळा बदलल्याची तारीख लिहून ठेवा, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासून घ्या आणि त्याच रक्तात हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी) करायला सांगा. मधल्या काळात छातीत धडधड, हात थरथरणं असं काही जाणवलं तर तेवढं थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.